पंधरा तारखेचा पगार

श्रोतेहो, नमस्कार.

१८८० च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाचे तास घड्याळावर ठरत नसत. विजेचे दिवे आलेले नव्हते. उजाडलं की साचे सुरू, मावळलं की बंद. थंडीत त्यातल्या त्यात सुटका. उन्हाळ्यात दिवस मोठा, तशी राबणूकही मोठी. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, पण तो मुख्यतः लहान मुलांच्या कामापुरता. मोठ्या माणसानं किती तास राबावं, याबद्दल त्यात चकार शब्द नाही.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. गिरणीत नोकरी केलेला माणूस, जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचा संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली. सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायच्या अर्जावर सुमारे ५,५०० जणांच्या सह्या झाल्या.

मागण्या ऐका. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं, सूर्यास्ताला थांबावं. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. आणि एक मागणी अशी, की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा.

लोखंड्यांचं नाव निघालं की आपण रविवार आठवतो. मला मात्र ही पंधरा तारीख जास्त बोलकी वाटते. पंधरवडा उलटल्यावरही का होईना, पण तारीख ठरवा, असं माणसं हात जोडून मागत होती! तोवर चूल पेटायची ती वाण्याच्या उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. आणि मागचा पगार गिरणीतच अडकलेला असला, की नोकरी सोडून जायची सोय कुठली?

लोखंड्यांच्या या संघटनेचं नाव बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन. तिला ना वर्गणी होती, ना नियमावली. म्हणून काही अभ्यासक तिला कामगार संघटना म्हणायलाच तयार नसतात. असतील बापडे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तिच्याच हाकेला सुमारे १०,००० कामगार जमले. दोन कामगार स्त्रिया त्या सभेत उभ्या राहून बोलल्या, १८९० साली! त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली.

म्हणजे रविवार मिळायला सहा वर्षं लागली. लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगमध्ये गेले.

पगाराच्या तारखेचं काय झालं? ती कायद्यात आली १९३६ साली, पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्ये. हजाराच्या आत कामगार असतील तिथं सात तारखेपर्यंत, त्याहून मोठ्या ठिकाणी दहा तारखेपर्यंत पगार द्यायचा. परळच्या त्या अर्जावर सह्या झाल्या, त्याला तेव्हा ५२ वर्षं झाली होती.