काटा ८० वरून खाली येत होता

२३ ऑगस्ट २०१३, संध्याकाळी सहा वाजून गेलेले. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथल्या संबरा विमानतळाकडे एक सुपर प्युमा हेलिकॉप्टर येतंय. आपल्याकडे जुहूवरून मुंबई हायला माणसं ड्युटीवर जातात ना, तसंच हे, समुद्रातल्या तेलाच्या रिगवरून परत निघालेले १६ जण आणि २ पायलट. ढग इतके खाली की काचेतून काही दिसत नाही, सगळा भरवसा समोरच्या डायलवर.

अशा उड्डाणाला कमीत कमी स्पीडची मर्यादा असते, पायलट तिला व्ही-मिनी म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, हेलिकॉप्टर तर हवेत एका जागी उभं राहतं, त्याला कसली आलीय अशी अट? पण ते उभं राहतं कारण पायलट खालची जमीन बघत हातपाय सारखे हलवत असतो. जमीनच दिसेना झाली की मशीनने स्वतः स्थिर राहायला हवं, आणि त्यासाठी शेपटीवरच्या आडव्या पंखाला वारा लागतो, तो मिळतो स्पीडमधून. बऱ्याच मॉडेलना ही मर्यादा ५० ते ७० नॉटच्या आसपास असते.

इथे ठरलेलं स्पीड होतं ८० नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ १५० किलोमीटर. ऑटोपायलट चालू होता आणि मशीनमध्ये बिघाड कसलाच नव्हता, मला हेच सगळ्यात जास्त लागतं. ऑटोपायलटकडे काम होतं फक्त उतरायचा दर सांभाळायचं, पॉवर पायलटने डाव्या हातातल्या कलेक्टिव्हने, म्हणजे पॉवर कमी-जास्त करायच्या दांड्याने, द्यायची होती. ती कमी पडली. मग दर जपायला ऑटोपायलटने नाक जरासं वर घेतलं, नाक वर गेलं की स्पीड पडतं, आणि एका स्पीडच्या खाली तर हळू जायलाच जास्त पॉवर लागते, म्हणून परत नाक वर, परत स्पीड कमी. काटा सरकत राहिला आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग रेकॉर्डेड आवाज आला, ‘चेक हाइट’. तोवर समुद्र अगदी जवळ आला होता.

हेलिकॉप्टर पाण्यावर आदळून उलटं झालं, तरंगायला लावलेले आपत्कालीन फुगे फुगलेले म्हणून बुडालं नाही. १४ जण वाचले, ४ गेले.

२०१६ मध्ये ब्रिटनच्या अपघात तपास विभागाचा रिपोर्ट आला, त्यात लिहिलंय की अशा अप्रोचला, म्हणजे उतरायला विमानतळाकडे येताना, ऑटोपायलटचा पुरेपूर वापर होईल अशी पद्धतच तेव्हा ठरलेली नव्हती. स्पीड धरून ठेवायची सोय त्याच ऑटोपायलटमध्ये होती.