भिंतीपलीकडे कोण झोपलंय?

[काळा पडदा. प्रेशर कुकरची शिट्टी.]

ही शिट्टी आमच्या घरातली नाही, शेजारची आहे. लालबागच्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथे दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांवर चढवलेला चुन्याचा गिलावा. कॅलेंडरसाठी आम्ही खिळा ठोकला की पलीकडच्या काकूंच्या देव्हाऱ्यातला दत्ताचा फोटो तिरका व्हायचा. मग त्या भिंतीवर दोन थापा मारायच्या. म्हणजे, पुरे.

आमच्या खोलीत, माळ्यावर, गोधडीत गुंडाळलेली बारा बोरची दुनळी बंदूक होती.

[दृश्य: बँकेचं दार. स्टुलावर बसलेला सुरक्षारक्षक, मांडीवर आडवी बंदूक.]

मुंबईकराच्या ओळखीची बंदूक हीच. बँकेच्या दारात, नाहीतर एटीएमसमोर उभ्या राहिलेल्या कॅश व्हॅनच्या पायरीवर. आपण तिच्याजवळून पासबुक हातात धरून निघून जातो. आमचे आजोबा फौजेतून निवृत्त झाल्यावर अशाच एका दारात बारा वर्षं उभे होते. बंदूक त्यांची स्वतःची, परवाना त्यांच्या नावावर. त्यामुळे संध्याकाळी ड्यूटी संपली की ती त्यांच्याबरोबर घरी यायची.

आणि चाळीतला कोणी ना कोणी विचारायचाच, "आबा, रात्री चोर शिरला तर कुठलं काडतूस घालाल?"

[दृश्य: दुकानाचा काउंटर. मधोमध उभं कापलेलं नमुना काडतूस.]

दक्षिण मुंबईतल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे हे कापलेलं काडतूस दाखवायला ठेवलेलं आहे. खाली पितळी बूड. त्याच्या मध्यभागी टोपी, तिच्यावर ठोका बसला की ठिणगी. वर दारू, दारूवर प्लॅस्टिकचं बूच, बुचावर छर्रे. इतका साधा मामला. बारा बोर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या अगदी सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर.

खरी निवड छर्र्यांची. दुकानदार विचारतो, "नंबर कुठला?" जुन्या इंग्रजी मोजणीत सहा नंबरचे छर्रे एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास, २७० बसतात. बाजरीच्या दाण्यासारखे. तेवढ्याच वजनात एसजी नावाचे जाड छर्रे फक्त आठ, प्रत्येक ८.४ मिलिमीटरचा. त्याहून जाड एलजीचे सहाच. ही नावं आली शिकारीतून. तितरासाठी बारीक, रानडुकरासाठी जाड. शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गेली, डब्यावरची अक्षरं तशीच राहिली. आपल्याकडची काडतुसं बरीचशी पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. तो कारखाना १८६९चा.

आता एक गैरसमज. बंदुकीतून छर्रे कारंजासारखे फुटतात, नेम धरायची गरज नाही, असं पुष्कळांना वाटतं. सिनेमाने घातलेली भर. साध्या नळीतून सुटलेले छर्रे दर यार्डाला साधारण एक इंच पसरतात, असा ढोबळ हिशेब आहे. मुंबईची खोली दहा बाय बारा. बारा फूट म्हणजे चार यार्ड. म्हणजे या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जाईतो छर्रे पसरणार तळहाताएवढे. नेम चुकला तर सगळेच्या सगळे चुकले, आणि ते थेट समोरच्या भिंतीत.

[दृश्य: भिंतीवर टेकवलेला तळहात.]

आजोबांची काळजी इथून सुरू व्हायची.

सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर वेगाने सुटलेला जाड छर्रा लाकडी पार्टिशनला, प्लायवूडला, पत्र्याला जुमानत नाही. अमेरिकेत घराच्या आतल्या भिंती जिप्सम बोर्डच्या असतात. तिथे यावर बंदूकवाल्यांचा वाद कधी मिटत नाही, कारण जाड छर्रे अशा एकामागून एक भिंती पार करतात. म्हणून काही जण सुचवतात, घरासाठी बारीक छर्रे वापरा, शेजारी वाचेल. त्यावर उत्तर असं, की तिथल्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा निकष आहे, चाचणीसाठी अंगाऐवजी ठेवलेल्या जेलीच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरण्याचा, आणि बारीक छर्रा जेमतेम पाच-सहा इंचांत थांबतो. जखम भयंकर, पण समोरचा थांबेलच असं नाही. आणि बारीक आहेत म्हणून ते पार्टिशन भेदत नाहीत, हेही खोटं. बारा फुटांवर ते अजून एकगठ्ठाच असतात, आणि एक बोर्ड सहज पार करतात.

थोडक्यात, माणसाला जे अडवतं ते भिंतीला ऐकत नाही, आणि भिंतीत जे अडकेल त्याचा माणसावर भरवसा नाही. याच्या मधलं काडतूस मी तरी पाहिलेलं नाही.

[दृश्य: टॉवरचं बांधकाम. मायवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत.]

मग टॉवरमध्ये राहणाऱ्यांचं काय? मायवानची भिंत सबंध काँक्रीटची. छर्रा पार जाणार नाही, चेपून उसळेल, कुठे ते सांगता येत नाही. आणि भिंत काँक्रीटची असली तरी दार फ्लशचं, खिडकी काचेची, डक्टमध्ये उघडणारी झडप ॲल्युमिनियमची. ऑफिसात तर अर्ध्या भिंती जिप्समच्या.

आवाजाचं कोणी बोलतच नाही. बंदुकीचा बार दीडशे डेसिबलच्या पुढे जातो. १४० च्या वर एका बारातच कानाला कायमची इजा होऊ शकते. एकशेवीस चौरस फुटांत, दार-खिडकी बंद, आणि खाली गादीवर नातवंडं.

[दृश्य: परवान्याचं जुनं पुस्तक. शिक्के, सह्या, काडतुसांच्या नोंदी.]

कायद्याकडे येऊ. १९५९चा शस्त्र कायदा गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच लांबीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मिळू शकते असं म्हणतो. मुंबईत परवाना देतं पोलीस आयुक्तालय. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, आणि परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. काडतूस घेतलं की परवान्यावर नोंद. निवडणूक लागली आणि पोलिसांनी सांगितलं की बंदूक ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. तेवढे दिवस माळा रिकामा.

आणि बार काढल्यावर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कोणी घर फोडत असेल, तर हा हक्क कलम ४१ प्रमाणे जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ लगेच लगाम घालतं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर हक्कच नाही.

मला या सगळ्यात कलम ४४ थांबवतं. त्यात एक उदाहरण दिलेलं आहे. जमाव एका माणसाच्या जिवावर उठलाय, गोळी झाडल्याशिवाय त्याची सुटका नाही, आणि जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत. त्याने गोळी झाडली, मुलाला लागली, तर कायदा त्याला गुन्हेगार धरत नाही. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी जुन्या दंड संहितेत लिहिलेलं हे वाक्य नव्या संहितेतही आलंय. कायद्याचं एक असो. पण सकाळी नळावर काकूंना तोंड कसं दाखवायचं, याचं कलम कुठे आहे?

आजोबांनी चाळीच्या प्रश्नाला शब्दांत उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. ते करायचे ते सांगतो. घरात शिरल्या शिरल्या बंदूक मोडायचे, नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. काडतुसं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात, किल्ली आजीच्या कमरेला. घरात नळीत काडतूस कधी गेलंच नाही. दाराला मात्र त्यांनी आतून आडवा लोखंडी अडसर लावून घेतला होता, लोहाराकडून. तो लावताना होणारा खणखणाट म्हणजे मजल्यावरचे दहा वाजले.

[दृश्य: पावसाळी दुपार. खिडकीच्या गजांवरून पागोळ्या.]

एक अपवाद होता, जुलैचा. त्यांची काडतुसं जुनी, कागदी नळकांड्याची. मुंबईच्या दमट हवेत कागद फुगतो, पितळेवर हिरवट बुरा चढतो. म्हणून एखाद्या रविवारी ते सुट्या नळ्या उभ्या धरायचे, दस्त्यापासून वेगळ्या, म्हणजे ठोका बसायला मागे काहीच नाही. आणि एकेक काडतूस वरून सोडायचे. चांगलं असलं तर घसरत जाऊन 'टक्' करून कडेला बसायचं. फुगलेलं अर्ध्यात अडायचं. अडलं की जोर लावायचा नाही, उलटं करून काढायचं आणि बाजूला ठेवायचं. आम्ही पोरं लांब, दारात उभी राहून टक् मोजायचो.

आजोबा गेले तेव्हा मी आठवीत होतो. परवाना माणसाबरोबर संपतो. वारसाला स्वतःच्या नावावर मागावा लागतो, नाहीतर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वडिलांना तो नको होता. गोधडीसकट बंदूक आणि बिस्किटाचा डबा घेऊन आम्ही टॅक्सीने पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने डबा टेबलावर पालथा केला, बोटाने मोजलं आणि पावतीवर लिहिलं: दुनळी बंदूक एक, काडतुसे नऊ, पैकी दोन फुगलेली.

गोधडी तेवढी परत दिली.