रातले झोप लागली का?

[पहाट. रावेर बस स्थानक]
आप्पा एस.टी.त खिडकीकडेच बसतात. डाव्या हाताला कुणाचा धक्का लागता कामा नये. धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला आहे त्या हातात. बोट ठेवलं की आत थरथर लागते. ती थांबली की डायलिसिस, म्हणजे यंत्रानं रक्त साफ करणं, अडलं. म्हणून डोळा उघडताच आप्पा आधी हात चाचपतात, मग बाकीचं.

[सावदा-फैजपूर रस्ता, दुतर्फा केळी]
बागा निसवल्यात. आप्पांचीही. पण पिकवणाऱ्यानं केळं खायचं नाही. केळ्यात पोटॅशियम भरपूर, निकामी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तात साठलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. पाणीसुद्धा मोजून. 45 अंशांच्या मे महिन्यातही दिवसाचं पाणी या एका बाटलीत. काकूंनी बाटलीला दोरा बांधलाय. सकाळी दोऱ्यापर्यंत, उरलेलं दुपारनंतर.

[जळगाव. डायलिसिस कक्ष]
आधी वजन. मागच्या वेळेपेक्षा जे वाढलं, ते बहुतेक साठलेलं पाणी. मग दोन सुया. एकीतून रक्त बाहेर येतं, दुसरीतून परत जातं. मधल्या नळकांड्यात हजारो बारीक पोकळ तंतू; आतून रक्त, बाहेरून द्रावण, आणि घाण तंतूच्या भिंतीतून पलीकडे. चार तास. आठवड्यातून तीनदा सांगितलंय, भाड्याला पैसे नसले की दोनदा होतं. उठताना पायात गोळे येतात.

[फाइलीची पानं]
वजन आहे, बीपी आहे, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सगळं आहे. झोपेचा रकाना नाही. आप्पा रात्र रात्र जागे असतात. बागेत जायचं सोडलंय, नातवाशीही बोलत नाहीत. भूक मरणं, अंग गळणं, हे किडनीनंही होतं आणि नैराश्यानंही. मग सगळंच किडनीच्या खात्यावर जमा होतं आणि मनाचा इलाज राहून जातो. पथ्य सुटतं, डायलिसिसच्या पाळ्या चुकतात, पाणी फुप्फुसापर्यंत चढतं.

गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का? कशात गोडी वाटली का? माणूस चार तास समोरच पडून आहे, विचारा ना! समुपदेशन आहे, किडनी बघून डॉक्टर देतात अशा गोळ्या आहेत, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस आणि फुकट आहे.

आमच्यासमोर एका सिस्टरनं सुई काढता काढता विचारलं, "आप्पा, रातले झोप लागली का?"

[निवेदन नाही. आप्पांचा चेहरा]

[परतीची एस.टी.]
भुसावळपर्यंत आप्पा काकूंशी बोलत होते. मग त्यांनी बाटली मागितली. पाणी दोऱ्याच्या खाली गेलं.