तीनशे मीटरची वायर

नमस्कार मंडळी. सोयाबीन निघालं, जमीन वाळली, की इंदूरच्या आपल्या मराठी घरांमधून एक बेत हमखास कानावर येतो. रामबागेतला वाडा बिल्डरकडे गेलेला, फ्लॅटमध्ये जीव रमत नाही, मग देपालपूरकडे किंवा सांवेरकडे घेतलेल्या तुकड्यावर दोन खोल्या टाकायच्या. बोअर कुठे घ्यायची, पपई कुठे लावायची यावर महिनाभर खल होतो. विजेचा विषय मात्र एका वाक्यात संपतो: ‘‘डीपी आहे ना रस्त्यावर, तिथून वायर ओढू.’’

माझ्या ताईच्या घरी हेच झालं. घर डीपीपासून, म्हणजे रस्त्यावरच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून, 300 मीटर आत. मी तीस वर्षं वायरिंगची कामं घेतोय, पण पिकतं तिथं विकत नाही; मला बोलावणं आलं ते सगळं उरकल्यावर. संध्याकाळी पंप लावला की दिवे पिवळे पडायचे आणि पंप न फिरता नुसता घुमत राहायचा. भाऊजींनी आधी एक स्टॅबिलायझर आणला, मग त्याहून मोठा. मग पंपाचं वाइंडिंग जळालं.

मी गेलो तो मल्टीमीटर घेऊन. घरातलं सगळं बंद करून बोर्डावर पाहिलं, 228 व्होल्ट. पंप कसाबसा सुरू झाला, सोबत गिझर लावला, तर 196. त्याच वेळी खांबापाशी उभ्या केलेल्या पोराने दुसऱ्या मीटरवर वाचून फोनवर सांगितलं, 227. ही तपासणी कुणालाही करून घेता येईल, फक्त खांबापाशी हात जाणत्या वायरमनचा हवा. काहीच चालू नसताना व्होल्टेज कमी दिसलं तर दोष डीपीत किंवा मागच्या लाइनीत. भार टाकल्यावर घरी पडलं आणि खांबापाशी टिकलं, तर चोर मधल्या वायरीत.

भाऊजींनी घातली होती ॲल्युमिनियमची 10 एमएमची केबल. दुकानदार ‘एमएम’ म्हणतो, ते असतात चौरस मिलिमीटर. अशा केबलचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, किलोमीटरला साधारण 3 ओहम. घर 300 मीटरवर असलं तरी वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते, म्हणून हिशोब धरायचा 600 मीटरचा. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. रोध झाला 1.85 ओहम. पंप आणि गिझर मिळून 17 अँपिअर, म्हणजे 31 व्होल्ट वाटेतच गेले. शिवाय अर्ध्या किलोवॉटहून जास्त वीज नुसती वायर तापवण्यात. मीटर खांबापाशी असेल तर तिचं बिल आपल्याच नावावर.

पंप सुरू होताना तर मोटर चालू भाराच्या पाचपट करंट मागते. तेवढ्या क्षणापुरते मोटरपाशी पावणेदोनशे व्होल्ट उरतात, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने घटतो. जोर निम्म्याच्या जरा वर, वर पाण्याचा भार. ती घुमणार नाही तर काय करणार? घुमत राहिली की जळते.

आणि स्टॅबिलायझर? तो वीज तयार करत नाही. 196 चे 230 करायचे तर तो वायरीतून आणखी करंट ओढतो, त्यामुळे वायरीत आणखी व्होल्ट पडतात. कर्ज फेडायला कर्ज काढण्यातला प्रकार.

आम्ही 35 एमएमची आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची, केबल घातली. त्याच भाराला आता 9 व्होल्टसुद्धा पडत नाहीत. थ्री फेज कनेक्शन मिळत असेल आणि भार तिन्ही फेजवर सारखा वाटला, तर तेवढ्याच जाडीच्या तारेत पडझड एक षष्ठांशावर येते. अंतर किलोमीटरभर असेल तर मात्र जाड केबलचा नाद सोडावा आणि 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची, लाइन आणून डीपीच घराजवळ बसवून घ्यावी. वीज लांब न्यायची तर चढ्या व्होल्टेजने न्यावी, हे 1891 मध्ये लाउफेन ते फ्रँकफर्ट असे 175 किलोमीटर नेऊन लोकांनी दाखवलंय.

केबल अडीच फूट खोल, खालीवर वाळू, वरून विटा. दोन्ही टोकांना थोडी ढिली ठेवा, कारण आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि केबल ओढते. ॲल्युमिनियमला तांबं नुसतं पिळून जोडू नका, तो जोड वर्षभरात काळा पडतो. बायमेटॅलिक लग, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं जोडटोक, लावा.

आता जरा कान देऊन ऐका. लांबच्या वायरीत एमसीबीचा, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा, भरवसा कमी होतो. त्या जुन्या केबलवर घरात सरळ शॉर्ट झाला असता तरी सव्वाशे अँपिअरही वाहिले नसते, आणि नेहमीच्या सी प्रकारच्या 32 अँपिअरच्या एमसीबीला झटक्यात पडायला 160 ते 320 लागतात. गिझरच्या अंगात करंट उतरला आणि तो अर्थिंगवाटे मातीत गेला, तर एमसीबीला पत्ताही लागत नाही. म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे असा गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, हवीच. न्यूट्रललाच अर्थिंग समजून जोडणारे वायरमन असतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

अर्थिंगचा खड्डा घरापाशीच, स्वतंत्र. मे महिन्यात काळी माती कोरडीठक्क झाली की तोही कामातून जातो. ताईच्या अंगणात तो मुद्दाम तुळशीशेजारी काढलाय. सकाळी तुळशीला पाणी घातलं की ती उरलेली बादली खड्ड्यात रिकामी करते.

नमस्कार.