फौजी माणसाची आठवण लिहिताना

नमस्कार. मागच्यांना ऐकू येतंय ना? पंखा बंद केला तरी चालेल.

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: हौशी, गमत्या फौजी माणसाचं आयुष्य घरच्यांनी कसं लिहून ठेवावं. कोल्हापुरात हे फोडून सांगायची गरज नाही. घरोघरी फौजी असलेल्या सैनिक टाकळी गावाचं नाव घेतलं की पुरे. शिरोळ, कागल, गडहिंग्लजकडं किती घरांच्या माळ्यावर ती काळी ट्रंक आहे, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव.

हा माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो. ‘हसतमुख, मनमिळावू, मेजर अमुक अमुक.’ माझं दुखणं या ‘मेजर’पासून सुरू होतं. फौजेतून आलेल्या कुणालाही आपल्याकडं मेजर म्हणतात. प्रेमानं म्हणतात, हाक मारायला काहीच हरकत नाही. पण तेच पुढं फरशीवर कोरलं जातं. अहो, माणूस शिपाई म्हणून भरती झाला, नाईक झाला, हवालदार झाला, नायब सुभेदार होऊन पेन्शनवर आला. प्रत्येक फीत त्यानं वर्षानुवर्षं झिजून मिळवली, आणि आपण ती सगळी पुसून भलताच, अधिकाऱ्याचा हुद्दा चिकटवतो. ऑनररी कॅप्टन असतील तर ‘ऑनररी’ हा शब्द गाळू नका. 26 जानेवारीला किंवा 15 ऑगस्टला जाहीर होणारा तो मान आहे.

तसंच मेडलांचं. पूर्वी स्टार लावलेल्या माणसाला घरचे खुशाल पंजाबच्या सीमेवर उभं करतात. 1971 चा पूर्वी स्टार म्हणजे बांगलादेशची बाजू, पश्चिमी स्टार म्हणजे पाकिस्तानची पश्चिम सीमा. संग्राम मेडल त्या युद्धकाळातल्या सेवेबद्दल सर्वसाधारणपणे मिळालं, त्यावरून आघाडी ठरत नाही. 1965 साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. सैन्य सेवा मेडलाच्या फितीवरची पट्टी वाचा: जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय. मेडलाच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव असतं, म्हणून भांड्याच्या पावडरीनं घासू नका. चकाकी येते आणि अक्षरं जातात. कोरड्या सुती कापडानं पुसा, बास.

कुणाकुणाच्या घरात आणखी एक कोडं असतं. आजोबा मराठा पलटणीचे म्हणून ऐकलेलं, आणि फोटोत डोक्यावर पॅराची, म्हणजे छत्रीधारी सैनिकांची, लाल टोपी. दोन्ही खरं असू शकतं. 11 डिसेंबर 1971 ला बांगलादेशात टांगाईलला हवेतून उतरलेली ‘2 पॅरा’ ही पलटण म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा.

जुनी पत्रं असतील तर पत्त्यात ‘56 एपीओ’ की ‘99 एपीओ’, म्हणजे कुठलं फौजी पोस्ट ऑफिस, ते बघा. पत्रात गावाचं नाव नसायचं, ते लिहायला बंदी. पण 99 असेल तर साधारण पूर्वेकडचं पोस्टिंग. शिक्क्याची तारीख जुळवली की वर्षं लागत जातात.

सगळ्यात आधी डिस्चार्ज बुक काढा, फौज सोडताना मिळालेलं. भरतीची तारीख, हुद्दे, मेडलं, बायकापोरांची नोंद, सगळं तिथं. लग्न आणि पोरांचे जन्म पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे फौजेतल्या नोंदीच्या आदेशानं, चढतात. इथंच घोळ होतो. रेकॉर्डला ‘कमळाबाई’, आधारवर ‘कमल’, आणि मग फॅमिली पेन्शन अडकते, कारण दोन कागदांवर दोन बायका दिसतात. हे माणूस हयात असताना दुरुस्त करून घ्यायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. अर्ज कसा करायचा ते आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणे, आणि मुख्य विषय अजून बाकीच आहे. भरभर सांगतो.

फौजीला वर्षाला 60 दिवसांची ॲन्युअल सुट्टी आणि 30 दिवसांची कॅज्युअल, तीही साहेबानं सोडलं तर. बाप म्हणून, नवरा म्हणून तो जे जगला ते एवढ्यात. बहिणीचं लग्न, पोराचं बारसं, घराचा स्लॅब, सगळं सुट्टीत बसवलेलं. म्हणून ‘कुटुंबवत्सल’ असं लिहून मोकळं होऊ नका. सुट्टीवार लिहा. कुठल्या सुट्टीत काय झालं, आणि कुठल्या बारशाला तो नव्हता, हेही.

आवाज भरून घ्यायचा तर दुपारचं जेवण झाल्यावर, एका वेळी अर्धा तास. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचा ठकठक आवाज येत नाही. ‘युद्धाचं सांगा’ म्हटलं की माणूस गप्प होतो. ‘लंगरात पहिल्या दिवशी काय वाढलं?’ विचारा. मग बडा खाना, म्हणजे पलटणीची पंगत, निघतो, रम निघते, कवायत शिकवणाऱ्या उस्तादाची नक्कल निघते.

विनोद त्याच्याच शब्दांत, त्याच्या पलटणी हिंदीसकट. नातवानं दूध सांडलं की ‘जैसे थे!’ हा कवायतीतला ‘पुन्हा पहिल्यासारखं’चा हुकूम ओरडणारा आजोबा असेल, तर ‘विनोदी स्वभाव’ लिहू नका, ‘जैसे थे’ लिहा. (हशा) बघा, तुम्ही हसलात, कारण तुमच्याही घरात तो आहे.

रविवारी मटण तोच करत असेल, तर मसाल्याची त्याची मूठ एकदा काट्यावर घाला. किती ग्रॅम ते लिहा, किती किलो मटणाला तेही. अळणीचं पाणी कधी काढतो, पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध कधी घालतो, हे त्याच्या शेजारी उभं राहून टिपा. तो गेल्यावर चवीच्या आठवणीवरून प्रमाण सापडत नाही.

फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, कडेला. बॉलपेन पुढून उमटतं. लॅमिनेशन अजिबात नको, ते नंतर निघत नाही.

डिस्चार्ज बुकची झेरॉक्स ज्यांनी आणलीय त्यांनी डावीकडच्या टेबलापाशी या, पार्ट टू ऑर्डरची नोंद आत्ताच बघून घेऊ.