भोकं किती, त्याहून भोकं कशी

नमस्कार बडोदेकर मंडळी, हरणीवरून उडणाऱ्या विमानाचा आवाज आपल्या रोजच्या कानावरचा. त्या इंजिनाच्या टर्बाइनमधला गॅस कित्येकदा 1500 डिग्रीच्या वर जातो, आणि पाती ज्या निकेलच्या अलॉयची असतात तो त्याआधीच वितळेल. म्हणून पात्यांच्या आतून हवा खेळवतात आणि वरून झिरकोनियाचा, म्हणजे उष्णता कमी नेणाऱ्या एका सिरॅमिकचा, थर देतात. कंबस्टरच्या, म्हणजे इंधन जळतं त्या भागाच्या, भिंतींवर आणि वीज केंद्रातल्या मोठ्या गॅस टर्बाइनमध्ये तो बहुतेक प्लाझ्मानं, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतानं, फवारलेला असतो, जाडी जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर.

आज बोलायचंय ते त्या थरातल्या भोकांबद्दल. पावडरचा कण प्लाझ्मात वितळतो, धातूवर आपटून चपटा होतो, काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची चकती, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. पापडांची चळत आठवा, एकावर एक असतात पण टेकतात थोड्याच ठिकाणी, आणि मधे ज्या आडव्या फटी राहतात ना, उष्णता अडवायचं खरं काम त्या करतात. घट्ट झिरकोनियाची थर्मल कंडक्टिव्हिटी, म्हणजे उष्णता वाहून न्यायची क्षमता, साधारण 2.5 वॅट प्रति मीटर केल्विन, फवारलेल्या थराची 1 च्या आसपास, आणि पोरॉसिटी, म्हणजे भोकांचं प्रमाण, मात्र 10 ते 20 टक्केच!

हीच 15 टक्के भोकं गोल असती तर उष्णता वळसा घालून निघून गेली असती, घट फार तर पाचव्या हिश्शाची. उभ्या भेगा तर उष्णतेला अडवतच नाहीत, पण थराला ताण सोसायला मदत करतात, त्यामुळे त्याही हव्यातच. आडवी फट एक दशांश मायक्रॉनची असली तरी भारी पडते, कारण इतक्या अरुंद जागेत हवेचे रेणू एकमेकांपेक्षा भिंतींवरच जास्त आदळतात आणि हवा नेहमीपेक्षाही कमी उष्णता नेते.

आणि याच फटी आधी जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. 1200 डिग्रीच्या पुढे बराच वेळ गेला की चकत्या जागोजागी एकमेकींना चिकटतात, कंडक्टिव्हिटी वर चढते, आणि एकूण पोरॉसिटी मोजाल तर जवळपास तेवढीच. म्हणून नुसती टक्केवारी लिहिलेला रिपोर्ट मला पुरत नाही.

कलाभवनात मेटलर्जी शिकणाऱ्या मुलामुलींनो, सॅम्पल भट्टीत तापवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा सेक्शन (कापून पॉलिश केलेला छेद) बघा, आणि कापायच्या आधी व्हॅक्यूममध्ये इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) मुरवून घ्या, नाहीतर पॉलिश करताना कण उखडतात आणि नसलेलीच भोकं मोजली जातात.