एका रात्रीत काही बुडत नाही

(नागपुरातल्या कथालेखन कार्यशाळेतील व्याख्यान, संपादित)

मंडळी, तुमच्या कथा वाचल्या. कल्पित जगं एकाहून एक देखणी उभी केलीत. पण त्यांतली पुराणी राज्यं बहुतेक एकाच रात्रीत बुडतात. कुठे शाप, कुठे उल्का, कुठे समुद्र उसळतो. मघाशी एका ताईंनी विचारलं, "सर, गूढ ठेवायचं तर कारण काहून सांगायचं?" बरोबर आहे. पण ताई, शाप म्हणजेच कारण सांगून मोकळं होणं की!

पुणे जिल्ह्यातलं इनामगाव घ्या. घोड नदीकाठची ही वस्ती डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उकरली. इ.स.पू. १६००च्या सुमारास बसलेलं गाव ७००च्या सुमारास ओस पडलं. आधीची घरं ऐसपैस, चौकोनी. जव पिकायचं, पाटाचं पाणी होतं. शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या, आणि शेतीपेक्षा जनावरांवर नि शिकारीवर भिस्त. तिथं खोदकाम करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी यामागे कोरडं होत गेलेलं हवामान मांडलं. मला त्यात माणसं दिसतात. गोल झोपडीत जन्मलेल्या पोराला आपण उतरणीला लागलोय हे कसं कळणार? त्याला झोपडी म्हणजेच घर.

हडप्पा संस्कृतीचं तर याहून मजेशीर. तिची घनाकृती दगडी वजनं गुजरातपासून पंजाबपर्यंत एकाच मापाची. सर्रास सापडणारं वजन सुमारे १३.६ ग्रॅमचं. इ.स.पू. १९००नंतर शहरं विरली, लिपी गेली, ही वजनंही गेली. शेतकरी मात्र राहिले, लहान गावांत पांगले, पेरत राहिले. म्हणजे आधी काय मेलं? परगावच्या अनोळखी माणसाच्या तराजूवरचा भरवसा. राजवाडा कोसळण्यापेक्षा मला हे जास्त भयंकर वाटतं, आणि कथेत हे कुणी लिहीत नाही.

लांब कशाला, आपल्या काटोल रस्त्यावर जुनापाणीला जा. लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, म्हणजे दफनांभोवती रचलेले दगडांचे गोल, सुमारे तीनशे. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. त्याच काळातल्या, नागपूरजवळच्याच माहुरझरीच्या वर्तुळांत घोडे पुरलेले सापडले, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेले. घोड्याला इतकं सजवून निरोप देणारी माणसं स्वतःला काय म्हणवत, ते नाव राहिलं नाही. दागिना राहिला. गूढ म्हणतात ते हे, बापा.

तर चहानंतर पहिलं पान पुन्हा लिहा. समुद्र शांत ठेवा. बाजारात एक म्हातारी पदरात स्वतःचं वजन बांधून आलीय. दुकानदार ते हातात घेऊन हसतो, कारण असलं वजन त्यानं कधी पाहिलेलंच नाही. राजाचं नाव लिहू नका.